बॅलन्स्ड म्हणजे नेमकं काय? ध्वनिजोडणीबद्दलच्या काही पक्क्या समजुतींची तपासणी



आजच्या व्याख्यानात आम्ही एका वाक्याची समीक्षा करणार आहोत. पुस्तकाची होते, नाटकाची होते, तशी वाक्याचीही करता येते. घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दुकानात, मित्राकडून, कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं: "बॅलन्स्ड केबल घे, घरघर जाईल." वाक्य छोटं आहे, ऐकायला छान आहे आणि कधीकधी खरंही ठरतं. कधीकधी खरं ठरणारी वाक्यंच जास्त त्रास देतात, कारण ती खोटी ठरतात तेव्हा माणूस वाक्यावर शंका घेत नाही. तो केबलवर, इंटरफेसवर नाहीतर स्वतःवर शंका घेतो. मग आणखी महाग केबल येते, आणि घरघर असते तिथेच राहते.

यात पणाला काय लागलंय, ते आधी सांगतो. एक वयस्कर गायक आहेत, काळी एकमध्ये गातात. म्हणजे त्यांचा सा साधारण १३८.६ हर्ट्झचा. त्यांच्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार लागते सुमारे १०४ हर्ट्झला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पण उपकरणाच्या आतला रेक्टिफायर विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून त्यातून येणारा हम बहुतेकदा १०० हर्ट्झचा असतो. आता १०० आणि १०४ शेजारी ठेवा. तानपुऱ्याचा पंचम आणि भिंतीतली वीज एकमेकांवर घासतात, आणि सेकंदाला चारेक वेळा आवाज फुगल्या-बसल्यासारखा ऐकू येतो. गायक पांढरी एकमध्ये गाणारे असतील तर पंचम येतो ९८ हर्ट्झला, मग ही थरथर सेकंदाला दोनदा. संगीतात अगदी नेमक्या ठिकाणी बसलेला हा गोंगाट आहे.

"नंतर फिल्टर लावून काढू की," असं म्हणतात. काढता येतो, पण १०० हर्ट्झवर रुंद खाच पाडली की पंचमही तिच्याबरोबर जातो. पोकळ झालेला तानपुरा तुम्ही ऐकला असेलच. घरगुती मैफिलीचं, आजोबांच्या बंदिशींचं, एखाद्या भजनी मंडळातल्या शेवटच्या जाणकाराचं रेकॉर्डिंग परत होत नसतं. म्हणून हा विषय फक्त हौशी मंडळींच्या गॅजेटांपुरता नाही.

आधी आवाज ओळखा

त्या वाक्याचा पहिला दोष असा की ते "घरघर" या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतं. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

पहिली खरखर, म्हणजे पाऊस लांबून पडत असावा तशी एकसारखी 'श्श'. ही बाहेरून येत नाही. कुठल्याही रोधात, म्हणजे रेझिस्टन्समध्ये, उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची जी धावपळ चालते तिचा हा आवाज. माईकच्या आतच तो जन्मतो, प्रीअँप त्यात थोडी भर घालतो. गायक माईकपासून दूर, गेन पूर्ण वर, माईक कमी संवेदनशील, अशी स्थिती असली की खरखर वाढते. बॅलन्स्ड केबल इथे काहीही करू शकत नाही. माईक जवळ घ्या, खोलीतला पंखा बंद करा, योग्य माईक निवडा.

दुसरा हम. ५०, १००, १५०, २०० हर्ट्झचा. ही भिंतीतली वीज. तो कधी चुंबकीय क्षेत्रातून शिरतो, कधी दोन उपकरणांच्या जमिनींमधून वाहणाऱ्या छोट्या प्रवाहातून. बॅलन्स्ड जोडणीचं खरं काम इथे आहे.

तिसरी चिरचिर. माऊस हलवला की बदलते, स्क्रीनवर काही सरकलं की बदलते. कधी १००० हर्ट्झची बारीक शिट्टी, कधी ८००० हर्ट्झची. या आकड्यांचा उगम ठरलेला आहे. यूएसबीवर माहितीची गाठोडी फुल-स्पीडमध्ये दर मिलिसेकंदाला आणि हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदाला निघतात. त्यांचा ताल वीजपुरवठ्यात आणि जमिनीत झिरपला की तुम्हाला तोच ऐकू येतो. हा लॅपटॉप आणि इंटरफेस यांच्यातल्या जमिनीचा प्रश्न आहे. माईकची केबल बदलून तो जाईल कसा?

म्हणजे तीनपैकी एका आजारावर हे औषध चालतं. जो वैद्य नाडी न बघता प्रत्येकाला तीच पुडी देतो, त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

ही कल्पना आली कुठून

बॅलन्स्ड जोडणीचा शोध स्टुडिओत लागलेला नाही, तो लागला टेलिफोनच्या तारांवर. सुरुवातीचे टेलिफोन तारायंत्राच्या पद्धतीने चालायचे: एकच तार खांबावरून जायची आणि परतीचा प्रवाह जमिनीतून यायचा. परिणामी शेजारच्या तारेवरचं बोलणं ऐकू यायचं, तारायंत्राची टकटक ऐकू यायची. पुढे शहरांत विजेच्या ट्राम आल्या, तेव्हा त्यांचाही प्रवाह त्याच जमिनीतून, आणि बोलणं ऐकणं अवघड झालं. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांच्या जोडीचं पेटंट घेतलं. परतीचा रस्ता जमिनीतून काढून दुसऱ्या तारेत नेला आणि दोन्ही तारा पिळल्या. पिळल्यामुळे गोंगाटाच्या उगमापासून दोन्ही तारांचं सरासरी अंतर सारखंच राहतं, म्हणून दोन्हींत गोंगाट सारखाच शिरतो.

"सारखाच शिरतो" हे शब्द लक्षात ठेवा. बेल यांनी गोंगाट शिरू दिला, पण दोन्हीकडे समान शिरू दिला. पुढचं सगळं यावर उभं आहे.

तराजूची गोष्ट

आता दुसरी समजूत. बहुतेक ठिकाणी चित्र काढून सांगतात की बॅलन्स्ड केबलमध्ये एका वायरीतून सिग्नल सरळ जातो, दुसरीतून उलटा, आणि शेवटी दुसरा परत उलटवून जोडला की गोंगाट कटतो. चित्र सुंदर आहे, फक्त मुद्दा चुकीचा आहे.

वाण्याचा जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. दोन पारडी, मध्ये काटा. दोन्ही पारड्यांत एकाच वेळी सारखं वजन टाकलं तर काटा हलत नाही. हे सारखं वजन म्हणजे गोंगाट. एका पारड्यात साखर टाकली तर काटा हलतो. ती साखर म्हणजे सिग्नल. आता सांगा, साखर तोलायला दुसऱ्या पारड्यात "उलटी साखर" टाकावी लागते का? नाही. तराजूचे दोन्ही हात सारख्या लांबीचे असणं, एवढीच अट आहे.

बॅलन्स्ड जोडणीत हाताची लांबी म्हणजे इम्पीडन्स. दोन्ही वायरींचा जमिनीच्या संदर्भातला इम्पीडन्स समान असेल तर जोडणी बॅलन्स्ड. सिग्नल दोन्हीकडे समसमान आणि उलटा असणं ही वेगळी गोष्ट. तिचे फायदे आहेत: पातळी सहा डेसिबलनी जास्त मिळते, शेजारच्या वायरीत गळती कमी होते. पण हम तिच्यामुळे जात नाही. बाजारात असे अनेक आउटपुट आहेत ज्यांच्या पिन ३वर काहीच सिग्नल नसतो, फक्त पिन २च्या जोडीचा एक रेझिस्टर जमिनीला लावलेला असतो. लोक त्याला "खोटं बॅलन्स्ड" म्हणून हिणवतात. आमच्या मते हा अन्याय आहे. रेझिस्टर नीट जुळवलेला असेल तर ते पूर्णपणे खरं बॅलन्स्ड आहे.

ही गोष्ट बिल व्हिटलॉक यांनी वर्षानुवर्षं सांगितली. जून १९९५मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा बॅलन्स्ड लाइनवरचा लेख आला. त्याचा गाभा आकड्यांत सांगतो.

समजा आउटपुटला दोन रेझिस्टर आहेत, दोन्हींवर १०० ओहम लिहिलंय, पाच टक्के फरक चालेल अशा जातीचे. एक निघाला ९५, दुसरा १०५. तफावत १० ओहमची. समोरच्या इनपुटचा प्रत्येक पायाचा जमिनीकडचा इम्पीडन्स धरा १० किलोओहम. तर साधारण १० भागिले १०,०००, म्हणजे हजारातला एक भाग गोंगाट "सारखा" न राहता सिग्नल बनून आत येतो. डेसिबलमध्ये हा साठ. कागदावर कंपनीने नव्वद लिहिलेलं असू शकतं, कारण त्यांनी चाचणी घेताना दोन्ही पाय अगदी एकसारखे ठेवले होते. तीस डेसिबल कुठे गेले? तुमच्या घरात गेले, जिथे एकही आउटपुट प्रयोगशाळेसारखा जुळलेला नसतो.

उलट, इनपुटला चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर ५० हर्ट्झला त्याचा जमिनीकडचा इम्पीडन्स इतका प्रचंड असतो की त्या १० ओहमचा फरकच पडत नाही. जुन्या रेडिओ केंद्रांची आणि स्टुडिओंची यंत्रं लांबलांब केबलींवरही शांत असायची, त्यात या जड, महाग लोखंडी ठोकळ्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते काढून स्वस्त ऑपअँप आले. चार रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घेतले तर अशा सर्किटची सर्वांत वाईट हमी फक्त ३४ डेसिबलची असते. ०.१ टक्का घेतले तर ५४. फरक काही रुपयांच्या भागांचा, पण तो डब्याच्या बाहेरून दिसत नाही.

व्हिटलॉक यांच्या सूचनेनंतर आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०२६८-३ या मानकात २००० साली चाचणीची पद्धत बदलली: आधी मुद्दाम १० ओहमची तफावत घाला, मग मोजा. म्हणजे तराजू थोडा कललेला असताना किती खरं तोलतो ते बघा. हीच चाचणी ग्राहकाच्या कामाची.

केबलीचं खरं काम

तिसरी समजूत अशी की केबल बॅलन्स्ड असली की जोडणी बॅलन्स्ड. केबल म्हणजे तराजूच्या दोऱ्या. पारडी आणि दांडी दोन्ही टोकांच्या उपकरणांत असतात.

कीबोर्डचा आउटपुट दोन कप्प्यांच्या जॅकचा, म्हणजे अनबॅलन्स्ड असेल, तर त्यात तीन कप्प्यांची टीआरएस केबल घालून तो बॅलन्स्ड होत नाही. त्याहून मजेशीर प्रकार मोबाइलचा. साध्या हेडफोन जॅकलाही तीन कप्पे असतात. कुणीतरी तो टीआरएस केबलीने इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला जोडतं, गाणं लावतं, आणि गाण्यातून गायिका गायब! वाद्यं आहेत, गूंज आहे, आवाज नाही. कारण ते तीन कप्पे डावा, उजवा आणि जमीन असे होते. इनपुटने आपलं काम इमानदारीने केलं, डाव्यातून उजवा वजा केला, आणि मध्ये ठेवलेला कंठ दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तोच गोंगाट समजून कापला. बॅलन्स्ड इनपुट काय करतो हे समजायला यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक नाही.

अनबॅलन्स्ड जोडणीत अडचण काय होते? तिथे दोनच वाहक. बाहेरच्या जाळीला दोन नोकऱ्या: आडोसा करायचा आणि सिग्नलचा परतीचा रस्ताही व्हायचं. आता कीबोर्डचा अडॅप्टर एका सॉकेटमध्ये, इंटरफेस लॅपटॉपमार्फत दुसऱ्या. दोन्हींच्या अडॅप्टरांतून थोडी गळती येतेच आणि ती याच जाळीतून एकीकडून दुसरीकडे जाते. धरा १०० मायक्रोअँपिअर. जाळी, जॅक आणि सॉकेट मिळून रोध धरा एक ओहम. म्हणजे १०० मायक्रोव्होल्टचा हम सिग्नलच्या रस्त्यातच तयार झाला. घरगुती उपकरणांची ठरलेली पातळी ०.३१६ व्होल्ट, तेव्हा हम सत्तर डेसिबल खाली. गाणं जोरात असेल तर कळणारही नाही, पण आलापाच्या विश्रांतीत नक्की कळेल. गळती दहापट झाली की हम पन्नास डेसिबलवर, मग कुणालाही कळेल.

यावर एक साधा, स्वस्त उपाय आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनबॅलन्स्ड आउटपुट बॅलन्स्ड इनपुटला नेताना आत पिळलेल्या दोन वायरी आणि बाहेर जाळी, अशी केबल वापरा. कीबोर्डच्या टोकाला एक वायर सिग्नलला, दुसरी वायर आणि जाळी दोन्ही जमिनीला. इंटरफेसच्या टोकाला पहिली वायर पिन २ला, दुसरी पिन ३ला, जाळी पिन १ला. गळतीचा प्रवाह आता मुख्यतः जाळीतून जातो, आणि इंटरफेस जे ऐकतो ते जाळीवरून नव्हे, आतल्या दोन वायरींवरून. जोडणी पूर्ण बॅलन्स्ड झाली नाही, पण जाळीची एक नोकरी कमी झाली. बाजारातल्या तयार केबलीत बहुतेकदा पिन ३ आणि पिन १ इंटरफेसच्याच टोकाला जोडून टाकलेले असतात, म्हणजे सगळा फायदा तिथेच संपला. सोल्डरिंग येणारा माणूस जवळ असेल तर ही केबल करून घ्याच.

आणि हो, जाळीबद्दलही एक गैरसमज आहे. पातळ तांब्याची जाळी विद्युतक्षेत्र अडवते, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. ते काम पिळाचं. म्हणून "जाड शिल्ड" पाहून पैसे देण्यापेक्षा केबल अडॅप्टरांच्या ढिगावरून न नेणं जास्त उपयोगाचं.

निर्मात्यांकडे वळूया

आतापर्यंत आम्ही विकणाऱ्यांवर आणि सल्ला देणाऱ्यांवर बोललो. आता बनवणाऱ्यांवर.

जून १९९५च्या त्याच अंकात नील मन्सी यांचा लेख होता. त्यांनी दाखवलं की पुष्कळ उपकरणांत केबलीची जाळी आत आल्यावर धातूच्या डब्याला जोडण्याऐवजी सर्किट बोर्डाच्या जमिनीला जोडलेली असते. जाळीवरचा गोंगाट मग बोर्डातून वाहतो आणि अँपच्या संदर्भालाच हलवतो. तराजू अचूक, पण तो ज्या टेबलावर ठेवलाय ते टेबलच हलतंय. "पिन १चा प्रश्न" या नावाने तो ओळखला जातो. सोसायटीने त्यावर एईएस४८ हे मानक २००५ साली काढलं. उपाय एका ओळीचा: जाळी आत येताच डब्याला जोडा. तरी प्लास्टिकच्या पेटीत, सॉकेट थेट बोर्डावर सोल्डर केलेली उपकरणं आजही मिळतात, कारण तशी ती स्वस्तात जुळतात.

दुसरी तक्रार माहितीपत्रकांबद्दल. इंटरफेसच्या डब्यावर ठळक छापलेलं असतं: इनपुटचा गोंगाट वजा १२८ डीबीयू. दुसरा छापतो वजा १२९. १५० ओहमच्या स्रोताचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाट, खोलीच्या तापमानाला आणि २० किलोहर्ट्झपर्यंत, साधारण वजा १३१ डीबीयू असतो. निसर्गाने आखलेल्या रेषेपासून दोनतीन डेसिबलवर सगळे येऊन उभे आहेत. तिथली चढाओढ तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणार नाही, तुमच्या खोलीतला फ्रिज त्याच्या कितीतरी वर आहे. पण तफावत असताना हम किती नाकारला जातो, हा आकडा मात्र शोधूनही सापडत नाही.

आणि त्या छापील आकड्यांपुढे अनेकदा "ए-वेटेड" असा शब्द असतो. त्याचा अर्थ असा की मोजताना कानाच्या नाजूकपणाप्रमाणे कमी कंपनांना सूट दिली. किती सूट? १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ३०. म्हणजे ज्या आवाजासाठी आपण रात्र रात्र केबली हलवतो, तो आवाज मोजणीतच जवळपास वगळलाय. पद्धत मान्यताप्राप्त आहे, त्यात फसवणूक नाही. पण तानपुरा रेकॉर्ड करणाऱ्याने या आकड्यावर विसंबू नये. "वेटिंगशिवाय किती?" हा प्रश्न दुकानात विचारायला हरकत नाही. उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

एक जीवघेणा शॉर्टकट

आता जरा थांबून, गंभीरपणे. हम घालवायचा एक उपाय गावोगावी चालतो: प्लगची अर्थची पिन काढायची, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनेक्टरात खुपसायचा. हम जातो आणि सगळे खूश होतात.

ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते? आत जाताना आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. आत वायर सुटून डब्याला लागली तर २३० व्होल्टला जमिनीकडे रस्ता मिळावा आणि फ्यूज उडावा, यासाठी ती आहे. ती काढली की हा रस्ता माणसातून जातो. गिटारच्या तारा एका हातात, ओठ माईकच्या जाळीला, आणि दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या फेजवरून किंवा जनरेटरवरून आलेली. मांडवात, मंगल कार्यालयात, पावसाळ्यात ओल्या सतरंजीवर हे दृश्य दुर्मिळ नाही. हम आणि अर्थची पिन यांत निवड करायची असेल तर हम ठेवा. पण अशी निवड करायची वेळच येऊ नये.

बरोबर उपाय आहेत. डीआय बॉक्सवरचं "ग्राउंड लिफ्ट" बटण केबलीतली पिन १ सोडतं, विजेची अर्थ सोडत नाही. ते सुरक्षित आहे. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दोन उपकरणांतला तारेचा संबंधच तोडतो, सिग्नल चुंबकातून जातो. एक गोष्ट लक्षात ठेवा, कंडेन्सर माईकचा ४८ व्होल्टचा फँटम पिन १मधूनच परत येतो. तिथे पिन १ तोडून चालणार नाही.

आणि लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला की मुंग्या येतात ना? दोन पिनांच्या चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून येणारी ती गळती. एरवी ती धोक्याच्या पातळीखाली असते, पण तीच इंटरफेसमधून, केबलीच्या जाळीतून, साउंडवाल्याच्या अर्थकडे धावते आणि तुम्ही म्हणता, "माईक खराब आहे."

मग करायचं काय

आम्ही जो क्रम वापरतो तो सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, वस्तू नाहीत.

आधी सगळ्या इनपुट केबली काढा, गेन खाली, हेडफोन लावा. तरी आवाज आहे? मग तो इंटरफेस-लॅपटॉपचा. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेला, तर कारण चार्जर. अर्थ असलेला तीन पिनांचा चार्जर, दुसरं सॉकेट किंवा इंटरफेससाठी यूएसबी आयसोलेटर हा रस्ता.

शांत असेल तर एकेक केबल जोडा. ज्या केबलीला हम आला, तिच्या दुसऱ्या टोकाचं उपकरण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. निम्म्या वेळा इथेच काम संपतं, कारण एकाच बोर्डावर जमिनींमधला फरक लहान होतो. एकत्र येणारा भार बोर्डाला पेलतो ना, तेवढं बघा. मग गरज असेल तिथेच ट्रान्सफॉर्मर, आणि एकाच जागी.

शेवटी पातळी. कीबोर्डचा आवाज पूर्ण वर ठेवा आणि इंटरफेसचा गेन खाली. बहुतेक लोक उलटं करतात. केबलीत जो हम मिसळतो तो ठरलेल्या मापाचा असतो, सिग्नल जितका मोठा पाठवाल तितका तो मागे पडतो. याला पैसेही लागत नाहीत.

अनबॅलन्स्डला आम्ही वाईट म्हणत नाही, हेही सांगायला हवं. दोन-तीन मीटरची केबल, एकाच बोर्डावरची उपकरणं, नीट पातळी असेल तर ती शांत चालते. घरातल्या रेकॉर्ड प्लेअर-अँपच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच चालल्या. आणि काही ठिकाणी बॅलन्स्ड केबल निरर्थकच असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हम केबलीत नाही, पिकअपच्या गुंडाळीतच शिरतो. त्यावरचा इलाज गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास काढला: दोन गुंडाळ्या अशा जोडल्या की हम दोन्हीत सारखा शिरून कटतो आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. बेल यांनी तारांना जे दिलं तेच त्यांनी पिकअपला दिलं. एकच कल्पना, पण गोंगाट जिथे शिरतो नेमकी तिथे लावलेली.

आमचा निवाडा असा: "बॅलन्स्ड केबल घे, घरघर जाईल" हे वाक्य वस्तूबद्दल बोलतं, तर प्रश्न नात्याबद्दल आहे. दोन उपकरणांचं जमिनीशी आणि एकमेकांशी असलेलं नातं. ते समजून घेतलं तर शंभर रुपयांच्या वायरीतही शांतता मिळते, न समजता दहा हजारांची केबलही घरघरते. म्हणून कुणाचं गाणं, कुणाची आठवण जपायला माईक लावाल, तेव्हा त्या माणसाला बसवण्याआधी अर्धा तास लवकर जा. हेडफोन लावून रिकामी खोली ऐका. पंचम लागतो तिथे आधीच कुणी बसलेलं नाही ना, एवढं बघा.

 आता तुमचे प्रश्न घेऊया.